मदत हवी आहे : रेस ट्रॅकवरच्या ड्रायव्हिंग कोर्सला जावं का?

नमस्कार मंडळी,

इंदूरला राहते, वय ४८. गाडी रोज चालवते, साधी पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल गिअरची. मुलगा चेन्नईला नोकरीला आहे. श्रीपेरुंबुदूरजवळच्या रेस ट्रॅकवर दोन दिवसांचा 'परफॉर्मन्स ड्रायव्हिंग'चा कोर्स आहे, त्याची माहिती त्याने पाठवली आणि वर "आई, तू येच" म्हणाला. सोमवारपर्यंत पैसे भरायचे आहेत आणि घरात दोन तट पडलेत.

मला रेसिंग करायचं नाही. ("भाभी, अब रेस लगाओगी क्या?" हे शेजाऱ्यांचं विचारून झालंय.) माझं माहेर भुसावळचं, त्यामुळे सिमरोल-बडवाह-बऱ्हाणपूर हा रस्ता पाठ आहे. गेल्या पावसाळ्यात भेरूघाट उतरताना पुढचा ट्रक एकदम थांबला. गाडी हे चालवत होते. त्यांनी ब्रेक दाबला, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) लागलं, पेडल पायाखाली खडखडायला लागलं आणि काहीतरी तुटलं असं वाटून यांनी पायच उचलला! ट्रक तेवढ्यात पुढे सरकला म्हणून निभावलं. एबीएस लागलं की पेडल थरथरतंच, तेव्हाच पाय घट्ट दाबून धरायचा आणि स्टिअरिंगने वाट काढायची, हे आम्हा दोघांनाही ऐकून माहीत होतं. पण पायाला ते कुठे माहीत होतं? २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे, लायसन्सच्या टेस्टमध्ये मात्र त्याचा पत्ता नाही. आणि सराव करायचा तर कुठे? पहाटेच्या सुपर कॉरिडॉरवरसुद्धा मागून कोण येतंय याची धास्ती असतेच.

म्हणून मला हा कोर्स हवाय. पहिल्या दिवशी बसायची पद्धत, नजर कुठे ठेवायची, पूर्ण जोराने ब्रेक, ब्रेक लावता लावता लेन बदलणं आणि ट्रॅकवर मांडलेल्या प्लास्टिकच्या कोनांमधून (शंकूंमधून) गाडी काढणं असं आहे. दुसऱ्या दिवशी वळणावरची लाइन (गाडी नेमकी कुठून न्यायची), एपेक्स (वळणाचा सगळ्यात आतला बिंदू) आणि ट्रॅकवर फेऱ्या. माझ्या कामाचा पहिलाच दिवस. दुसऱ्या दिवशी मजा येईल, हेही नाकारत नाही.

यांचं म्हणणं, फी आणि विमानाच्या पैशात चार नवे टायर येतात, ब्रेकचं कामही निघतं, शिवाय पैसे उरतात. हे खरंच आहे. वेग ८० चा १०० केला तर ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर दीडपटीहून जास्त होतं, तिथे घासलेल्या टायरपुढे माझं कौशल्य काय करणार?

पण मला खरी अडचण वाटते ती वेगळीच. १९७४ साली अमेरिकेत फ्लोरिडा, न्यूयॉर्क आणि टेक्सासमधल्या परवानाधारक रेस ड्रायव्हरांचं रस्त्यावरचं रेकॉर्ड तपासलं होतं. साध्या चालकांपेक्षा त्यांच्या नावावर अपघातही जास्त निघाले आणि वेगाचे दंडही. नॉर्वेत निसरड्या रस्त्यावर गाडी सांभाळायचं शिक्षण दिलं, तर तरुण मुलांचे अपघात उलट वाढले. हात बसण्याआधी भीड चेपते, असंच असावं. माझ्या वयाला ते कितपत लागू, देव जाणे. पण परत आल्यावर घाटात मी आधीपेक्षा जोरात उतरायला लागले, तर यांचे टायरच बरे!

विम्याचंही पाहिलं. माझ्या पॉलिसीत ऑर्गनाइज्ड रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग हे वापर सरळ वगळलेत. तेव्हा स्वतःची गाडी ट्रॅकवर नेणं नकोच. कोर्सवाले गाडी त्यांची देतात, पण ठोकली तर भरायची कोणी, यावर फोनवर नीट उत्तर मिळालं नाही.

"पीथमपूरला नॅट्रॅक्स असताना मद्रासला कशाला?" असं इथे जो तो विचारतो. इंदूरजवळच आहे, ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक आहे, २०२१ मध्ये प्रकाश जावडेकरांनी उद्घाटन केलं, सगळं खरं. पण ती जागा गाड्यांच्या चाचण्यांसाठी आहे, वाहन कंपन्या भाड्याने घेतात. माझ्यासारखीने गेटवर जाऊन "मला ब्रेक शिकवा" म्हणायची सोय नाही. तिथे खासगी चालकांची बॅच कधी झाल्याचं कुणी पाहिलंय का?

चेन्नई, कोइंबतूर किंवा ग्रेटर नोएडाच्या ट्रॅकवर असा कोर्स केलेल्यांनी जरूर लिहा. पहिल्या दिवशी प्रत्येकाच्या वाट्याला ब्रेकचा सराव खरोखर किती येतो, की रांगेत उभं राहण्यातच दिवस जातो? आणि सहा महिन्यांनी पायात काय उरलं? बायकांचे अनुभव मिळाले तर फारच बरं.

डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगचे एक दिवसाचे वर्ग असतात, तेही सुचवा. फक्त खुर्चीत बसवून स्लाइड दाखवणारे नकोत, तसा एक ऑफिसात झालाय. टायर तर मी बदलणारच आहे, त्यामुळे "आधी टायर बदला" एवढंच लिहू नका.