रोपरची वाफेवरची दुचाकी: पहिली मोटरसायकल म्हणायची की नाही?

चाकधर:
मोटरसायकलचा इतिहास दरवेळी जर्मन अभियंता डाइम्लरच्या १८८५ च्या पेट्रोल दुचाकीपासून सुरू होतो, हे मला अजिबात पटत नाही. त्याच्या कितीतरी आधी, १८६९ च्या सुमारास, बोस्टनलगतच्या रॉक्सबरीत सिल्वेस्टर रोपरने कोळशावर चालणारी दुचाकी बनवली होती. ती आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. लाकडी चाकांना लोखंडी धाव, दोन चाकांच्या मधोमध भट्टी आणि बॉयलर, बैठकीमागून तिरकं वर गेलेलं धुराडं, दोन्ही अंगांना एकेक सिलिंडर. हँडल एका बाजूला पिळलं की वाफ सुटायची, उलट पिळलं की ब्रेक लागायचा. आपण आज रेस देतो तेव्हा मनगट तेच तर करतं! पहिलेपणाचा मान त्याचाच.

रानवाट:
साफ असहमत. पाणी तापवायचा बंब दोन पायांत धरून रस्त्याने निघण्यातला तो प्रकार. आधी विस्तव पेटवा, वाफ धरेपर्यंत थांबा, मग चालवता चालवता पाणी किती उरलंय तेही बघा. रोज कामाला जाणारा माणूस हे करेल का? डाइम्लर आणि त्याचा सहकारी मायबाख यांचं इंजिन २६४ सीसीचं, ताकद जेमतेम अर्धा अश्वशक्ती, पण त्याला ना बॉयलर लागत होता ना कोळसा. आजच्या गाड्या त्याच वाटेने आल्या. रोपरच्या गाडीला वारस कुठेय?

निळी सायकल:
तुम्ही दोघं फ्रान्सला विसरलात. लुई-गियोम पेरोने मिशो या फ्रेंच कारागिराच्या पद्धतीच्या पायडलच्या सायकलवर अल्कोहोलच्या ज्योतीवर चालणारं छोटं बाष्पयंत्र बसवलं, त्याचं पेटंट १८६८-६९ च्या सुमाराचं. रोपरच्या पहिल्या गाडीची तारीख कुणी १८६७ सांगतं, कुणी १८६९. मग मान परस्पर अमेरिकेला कसा देता?

चाकधर:
पेरोचा मुद्दा मान्य, तारखांवरून मी भांडणार नाही. पण डाइम्लरच्या गाडीला तोल सांभाळायला दोन बाजूंना दोन छोटी चाकं होती, त्याबद्दल कुणी बोलत नाही. आणि वारसाचं म्हणाल, तर रोपर एक खेळणं करून थांबला नव्हता. १८९० च्या दशकात त्याने कोलंबिया ब्रँडच्या सायकलच्या सांगाड्यावर नवं बाष्पयंत्र बसवलं. १ जून १८९६ ला बोस्टनजवळच्या केंब्रिजमधल्या चार्ल्स रिव्हर ट्रॅकवर तो शर्यतीच्या सायकलपटूंपुढे हीच गाडी पळवत होता. पुढच्या गाडीने वारा अडवला की मागच्याला वेग मिळतो, त्यासाठी तेव्हा अशा गाड्या हव्या असत. वेगात असतानाच गाडी डगमगली, तो पडला आणि तिथेच गेला. वय ७२. हृदय बंद पडलं असं निदान झालं. आधी पडला की आधी हृदय थांबलं, हे कळलं नाही. पहिली गाडी केल्यावर पाव शतकाने हा माणूस स्वतः खोगिरावर बसून तिची सुधारलेली बहीण पळवत होता, आणि तुम्ही बंब म्हणता?

रानवाट:
माणसाच्या जिद्दीबद्दल वाद नाहीच. बाजूच्या चाकांचंही खरं आहे. डाइम्लरला इंजिन तपासायचं होतं, पुढे तो चारचाकीकडे वळला. म्हणून मी डाइम्लरचा हट्ट सोडतो. पण मग माझ्या लेखी मान जातो म्युनिकच्या हिल्डेब्रांड आणि वोल्फम्युलरकडे. १८९४ पासून त्यांनी पेट्रोलची दुचाकी गिऱ्हाइकांना विकली. एकाने बनवून एकानेच चालवलेली गाडी मी पहिली धरत नाही.

निळी सायकल:
विक्री हीच अट असेल तर राइट बंधूंचं १९०३ चं विमानही बाद करावं लागेल. ते कुठे कुणाला विकलं होतं?

चाकधर:
हेच म्हणतोय. दोन चाकं, स्वतःची ताकद, हँडलवरून ताबा. तिन्ही रोपरकडे होतं. भट्टीत काय जळतंय यावरून त्याला यादीबाहेर काढणं मला मान्य नाही.