‘मुलगी पसंत नाही’ असं किती वर्षं सांगायचं?

कृष्णाकाठ
वय ३४, गाव सांगलीजवळ, नोकरी पुण्यात. मी गे आहे. हे वाक्य आजवर तीनच माणसांपुढे उच्चारलंय, आणि त्यातला एक समुपदेशक होता, त्याला पैसे दिले होते.

हल्ली जो तो सांगतो, उघडपणे जगा, धैर्य दाखवा. पत्रकार अशोक राव कवींनी १९८६ साली मासिकाला मुलाखत देऊन आपण गे आहोत हे नावानिशी सांगितलं, तेव्हा समलिंगी संबंधांना ३७७ कलमाखाली जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. ते धैर्य, मान्य. पुढे ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान माणसांच्या राजीखुशीच्या संबंधांना त्या कलमातून सोडवलं. पेढे वाटणारे मित्र होते माझे. पण मला पोलिसांची भीती कधी नव्हतीच हो. मला भीती आईची वाटते, आणि ती कुठल्याच कलमात बसत नाही. तिच्या पर्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीत माझी पत्रिका असते. झेरॉक्सची झेरॉक्स काढून अक्षरं पुसट झालीत. मंगळ नाही याचा तिला कोण अभिमान.

माझं मत असं की, सांगितलंच पाहिजे असं काही नाही. लग्न न करणं पुरे. ११ मुली पाहिल्या, दर वेळी ‘पसंत नाही’ म्हटलं. कुणाला फसवलं नाही, कुणाच्या मुलीचं आयुष्य नासवलं नाही. आणखी चार वर्षांत वय उलटलं की स्थळं आपोआप थांबतील. याला भेकडपणा म्हणायचं असेल तर म्हणा, मी व्यवहार म्हणतो. पटत नसेल तर भांडा, पण ‘धाडस कर मित्रा’ एवढंच लिहून जाऊ नका.

पेठेतला
शंभर टक्के पटलं. घरातली गोष्ट घरात. मला बायका आवडतात हे मी काही गावभर सांगत फिरत नाही. पुण्यात २०११ पासून यांचा मोर्चा निघतो, झेंडे काय, रंग काय. तिरस्कार अजिबात नाही, पण कशाला?

टोमणेबहाद्दर
पेठेतले, लग्नाची पत्रिका छापली होती ना? ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’पासून ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’पर्यंत? हॉल, बँडवाले, रुखवतात थर्माकोलचा बंगला, दारात तुमच्या दोघांच्या नावाची फुलांची पाटी? हे गावभर सांगणं नव्हतं तर काय गुपित होतं?

पेठेतला
बंगला मेव्हणीने केला होता. बरं, मुद्दा घेतला. मोर्चाचं तरी पटत नाहीच.

कापडदुकान
मी २९, बार्शी. दुकान वडिलांचं, राहायला वरच्या मजल्यावर. शटर त्यांच्या नावावर, गाडी त्यांच्या नावावर, माझ्या नावावर फक्त सिमकार्ड. आज सांगितलं तर रात्री झोपायचं कुठे, ते आधी सांगा. धैर्याच्या गोष्टी भाड्याचा फ्लॅट आणि महिन्याचा पगार असलेल्यांनी कराव्यात. कृष्णाकाठ, तुमच्याकडे दोन्ही आहे म्हणून तुमच्याशी थोडा वाद आहे. माझ्याकडे नाही म्हणून मी गप्प आहे, आणि त्याची मला लाज नाही.

एकदा_पोळलेली
कृष्णाकाठ, ‘कुणाला फसवलं नाही’ हे मी तीनदा वाचलं.

माझं लग्न असल्याच एका चांगल्या मुलाशी झालं होतं. खरोखर चांगला. भांडी घासायचा. माझ्या बाबांच्या अँजिओप्लास्टीला दोन रात्री दवाखान्यात बाकावर बसून काढल्या त्याने. फक्त माझ्याजवळ यायची वेळ झाली की त्याला ऑफिसचं काम आठवायचं. दोन वर्षं मी आरशात माझ्यातली चूक शोधत होते. वजन कमी केलं, केस कापले. सासूबाई म्हणायच्या, नवऱ्याला धरून ठेवावं लागतं गं. शेवटी त्यानेच सांगितलं, रडत. फसवणुकीच्या मुद्द्यावर लग्न रद्द करून घ्यायचं तर ती कळल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. ते वर्ष आम्ही दोघांनी मिळून कुणाला काही कळू न देण्यात घालवलं. मग परस्परसंमतीने घटस्फोट. नातेवाईकांना कारण काय सांगितलं, तर पटत नाही.

तुम्ही लग्न केलं नाहीत, त्याचे पूर्ण मार्क. पण त्या ११ जणींचं काय? तुमच्यासाठी तो एक रविवार. तिच्या घरी शनिवारी पार्लर, आदल्या रात्री आत्या मुक्कामाला, साडी कुठली यावर दोन तास. तुम्ही छंद विचारता, ती वाचन म्हणते. चार दिवसांनी मध्यस्थांचा फोन, ‘मुलाकडून नकार आहे.’ कारण कुणी देत नाही, म्हणून घरचेच शोधतात. रंग. उंची. चष्मा. बोलली जास्त. बोलली कमी. मला लग्नाआधी ७ नकार आले होते आणि प्रत्येकानंतर आईने माझ्यात एक नवी खोट काढली. त्या सातांतला एखादा तुमच्यासारखा असू शकेल, हे आज पहिल्यांदा डोक्यात आलं. बरं वाटतंय की राग येतोय, ठरत नाहीये.

कापडदुकान
ताई, तुमचं दुःख मान्य. पण त्यावर उपाय ‘सांगा’ हा नाही, ‘पाहायला जाऊ नका’ हा आहे.

एकदा_पोळलेली
न जायचं कारण काय देणार? आधी करिअर, मग घराचं कर्ज, मग ‘मनासारखी मिळत नाही’. प्रत्येक कारणाची मुदत वर्षा-दीड वर्षाची असते. मग पुन्हा पिशवीतून पत्रिका बाहेर. तुमच्या झोपायच्या जागेचं मला समजतं दादा, तुम्हाला मी काहीच म्हणणार नाही. मी पगारदार माणसाशी बोलतेय.

पेठेतला
एक विचारू का, खवचटपणा नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलं की समलिंगी लग्नाचा मूलभूत हक्क नाही, कायदा करायचा तर संसदेने करावा. म्हणजे सांगूनसवरून पुढे मिळणार काय? आईबापांना मनस्ताप, आणि हाती कागद नाहीच.

दोघे_कोथरूड
कागद नाही म्हणूनच माणसांना माहीत असावं लागतं, पेठेतले.

आम्ही ९ वर्षं एकत्र राहतोय. माझ्या घरी ठाऊक आहे, त्याच्या घरी मी ‘रूम पार्टनर’. मागच्या पावसाळ्यात त्याला डेंगी झाला, प्लेटलेट्स धडाधड उतरल्या. दवाखान्यात फॉर्मवर ‘रुग्णाशी नाते’ अशी रेघ असते. मी ‘मित्र’ लिहिलं. काउंटरवरची बाई म्हणाली, घरच्या कुणाला तरी बोलवा. पहाटे त्याचे काका आले, तोपर्यंत मी आयसीयूच्या दारात त्याच्या चपला पिशवीत घालून उभा. काका आल्या आल्या म्हणाले, ‘तू दमला असशील, घरी जा.’ प्रेमानेच म्हणाले. आणि मी गेलो, कारण रूम पार्टनर यापुढे काय म्हणणार?

म्हणून कृष्णाकाठ, तुमचा व्यवहार एकट्यापुरता ठीक. उद्या कुणी आयुष्यात आला तर तुमच्या गप्प राहण्याचं भाडं तो भरेल. जाता जाता कामाचं: २८ ऑगस्ट २०२४ ला अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलंय की समलिंगी जोडीदारांना बँकेत संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला आडकाठी नाही. पण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. मृत्युपत्र करून ठेवा. आम्ही डेंगीनंतर केलं, त्याआधी अपशकुन वाटायचा.

टोमणेबहाद्दर
विषय गंभीर झालाय म्हणून मध्येच एक. २०१५ मध्ये मुंबईत हरीश अय्यर यांच्या आईने मुलासाठी ‘वर पाहिजे’ची जाहिरात दिली होती. जातीची अट नाही, पण अय्यर असल्यास उत्तम. मुलगा गे असो की सरळ, आई ती आईच.

निवृत्त_शिक्षिका
मी त्या ‘आई’ बाजूची आहे, म्हणून लिहिते. माझ्या मुलाने २०१६ च्या गणपतीत सांगितलं, आरती झाल्यावर. मी तेव्हा चांगली वागले नाही. आधी दृष्ट काढली. मग एका डॉक्टरांकडे नेलं, ते म्हणाले सहा महिन्यांत सरळ करतो. गोळ्यांनी पोरगा दुपारी बारापर्यंत झोपायचा, ताटातली पोळी तशीच. यांनी एक दिवस त्या गोळ्या बेसिनमध्ये टाकल्या. हे फारसं बोलत नाहीत. तेव्हा एवढंच म्हणाले, ‘त्याला झोपवून काय बरं करायचंय?’

नंतर कळलं, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली होती. आपल्याकडच्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असले ‘उपचार’ म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. मी ३१ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि हे मला ठाऊक नव्हतं.

तरी माझं मत ताईंपेक्षा थोडं वेगळं आहे. लगेच सांगायलाच हवं असं नाही. माझ्या मुलाने सांगितलं आणि तिसऱ्या दिवशी तो बंगळूरला परत गेला. माझ्याकडे राहिलं नुसतं ते वाक्य, विचारायला माणूस नाही. आठ महिने मी बहिणीशीसुद्धा बोलले नाही. सांगणाऱ्याने तयारीला दहा वर्षं घेतलेली असतात, ऐकणाऱ्याला दहा मिनिटं देतात. सांगायचं असेल तर रजा काढून या, आणि चार दिवस आमचं चुकीचं बोलणं ऐकायची तयारी ठेवा. आम्ही चुकीचंच बोलणार.

पेठेतला
बाई, नमस्कार. मी या धाग्यावर आता थोडा वेळ गप्प बसतो.

कृष्णाकाठ
सगळं वाचलं. दोघे_कोथरूड यांचं पटलं, पण ते पुढचं आहे, मला अजून रूम पार्टनरही नाही. कापडदुकान यांच्याशी वाद नाहीच. त्यांच्या जागी मी असतो तर गप्पच राहिलो असतो.

एकदा_पोळलेली यांनी मात्र झोप घालवली. मिरजेच्या एका मुलीने चहाबरोबर स्वतः केलेल्या शंकरपाळ्या ठेवल्या होत्या. मी आणखी मागून घेतल्या. ती हसली, म्हणाली तूप जास्त झालंय. परत येताना गाडीत आईने विचारलं, कशी वाटली? मला काहीतरी बोलायचं होतं म्हणून म्हटलं, ‘उंची कमी आहे.’ आईने ते तसंच मध्यस्थांना कळवलं असणार. ती मुलगी माझ्या खांद्याच्या वर होती.

येत्या रविवारी इस्लामपूरला बारावा कार्यक्रम होता. आत्ता फोन करून रद्द करायला सांगितला. आई म्हणाली कारण काय, त्यांना काय सांगू? म्हटलं, ‘त्यांना सांग मुलाचंच काही ठरलेलं नाही, मुलीत काही कमी नाही.’ मग बराच वेळ तिकडून आवाज नाही. मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. शेवटी विचारलं, ‘बरा आहेस ना रे?’ शनिवारी येतो म्हटलं. चार दिवसांची रजा टाकलीय. सांगेनच असं अजून म्हणत नाही.

निवृत्त_शिक्षिका
आईला एकटीला गाठ बाळा. बाबांना नंतर. आणि जेवण झाल्यावर, आधी नको.

कापडदुकान
काय झालं ते इथे लिहा. मला पुढेमागे लागेल.