मदत हवी आहे: आईचं सामान आणि मनातली अढी

सर्वांना सलाम. आई गेल्याला जानेवारीत वर्ष झालं. नगरचं घर रिकामं करून तिचं सगळं माझ्या वन बीएचकेत आणलंय: दोन पत्र्याच्या ट्रंका, तांब्याचा बंब, शिलाई मशीन, चार जुनी पवित्र शास्त्रं, म्हणजे बायबलं (एकाची तर शिवणच सुटलीय). बाल्कनीत पाय ठेवायला जागा नाही.

परवा उपासनेत बायबलमधल्या लूक 12 मधला, साठवायला मोठी कोठारं बांधणारा धनवान वाचला आणि मी खाली मान घातली. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये मिशनची पगाराची नोकरी सोडली. मला बंब सुटेना!

मशीन शिवणकाम शिकणाऱ्या एखाद्या मुलीला द्यावी म्हणतेय. पण जीर्ण पवित्र शास्त्रांचं काय करता तुम्ही? रद्दीत टाकवत नाही. समासात आईचं अक्षर आहे.

आणि खरं सांगू? सामानापेक्षा जड वेगळंच आहे. दादा आजारपणात फिरकला नाही, वाटणीला मात्र आला. बायबलमधल्या इब्री 12:1 मध्ये टाकून द्यायला सांगितलेला ‘भार’ हाच असावा. प्रार्थना करते, दोन दिवस हलकं वाटतं, त्याचा फोन आला की पुन्हा तेच. कुणी यातून गेलंय का? आधी त्याच्याशी बोललात की आधी मनातून सोडलंत?