मदत हवी आहे: ५० मीटर रायफलसाठी स्पॉटिंग स्कोप, आणि जमल्यास एक दुर्बीण

कळंबेकर

नमस्कार मंडळी,

राहायला कोल्हापुरात. मुलगी अकरावीत आहे, पॉइंट टू-टू रायफलवर ५० मीटर प्रोन (पालथं झोपून नेमबाजी) करते. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत यांच्यामुळे इथे नेमबाजीचं वेड होतंच, त्यात २०२४ ला स्वप्नील कुसाळेनं पॅरिसहून ब्राँझ आणलं. आता लेन मिळायचीच मारामार!

आमच्याकडे सरावाला कागदी टार्गेट असतात आणि स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्यानं बघायची, स्टँडवरची दुर्बीण) सगळ्यांत मिळून एक. गोळी कुठे लागली ते बघायला पोरगी उठली की पोझिशन मोडते. मग परत स्लिंग (रायफलचा दंडाला अडकवायचा पट्टा) ओढा, कोपर बसवा, गाल टेकवा. म्हणून तिचा स्वतःचा स्कोप घ्यायचं ठरवलंय.

दुकानदार म्हणतो २०-६०x६० (२० ते ६० पट, पुढचं भिंग ६० मिलिमीटर) घ्या, ६० पट दिसतं. चुलतभाऊ टेक्सासला असतो, तिकडे लायसन काढून हरणाच्या शिकारीला जातो (आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानं बंद आहे, तेव्हा त्यावरून इथे भांडणं नकोत). तो म्हणतो, स्कोपबिकोप सोड, चांगली १०x४२ दुर्बीण घे, सगळीकडे चालते. दिवाळीला येतोय, येताना आणेल.

मला रविवारी कळंबा तलावावर पक्षी बघायला दुर्बीण हवीच आहे. चष्मा आहे. दोन्ही मिळून बजेट तीस हजार, फार ताणलं तर पस्तीस. एका वस्तूत दोन्ही कामं होतील का? आणि ६० पट खरंच लागतं का?

प्रोनवाला पुणे

दादा, आधी ६० पटाचं भूत उतरवा. साधा हिशोब आहे. ५० मीटरला २० पट म्हणजे टार्गेट अडीच मीटरवर धरल्यासारखं. पॉइंट टू-टूचं भोक ५.६ मिलिमीटरचं, अडीच मीटरवरून डोळ्याला आरामात दिसतं. २५ पट केलंत तर दोन मीटर. त्यापुढे ५० मीटरसाठी काही गरज नाही.

६० पटावर ६० मिलिमीटरच्या भिंगातून डोळ्यात येणारा प्रकाशाचा झोत जेमतेम १ मिलिमीटरचा उरतो (भिंगाचा व्यास भागिले पट). चित्र अंधारं, आणि मार्च-एप्रिलच्या उन्हात जमिनीवरची गरम हवा अशी लवलवते की टार्गेट पाण्यात बुडाल्यासारखं दिसतं. तोच स्कोप २० वर ठेवला की झोत ३ मिलिमीटरचा. म्हणजे झूमवाला घेतलात तरी वापरणार खालचाच आकडा. तो खालच्या आकड्यावर कडेपर्यंत स्वच्छ दिसतो का, एवढंच दुकानात बघा.

खरी अडचण वेगळीच आहे. टार्गेटच्या पांढऱ्यात लागलेली गोळी कुठल्याही स्कोपमधून दिसते, मधल्या काळ्यातली दिसत नाही, कारण काळ्यात काळं भोक. टार्गेटच्या मागे थोडं अंतर सोडून पांढरा पुठ्ठा लावा, त्यावर उजेड पडू द्या. भोकं चमकतात. खर्च शून्य.

आणि ४५ अंशाचा आयपीसच (डोळा लावायची बाजू) घ्या, ज्याची कॉलर (नळीभोवतीचं कडं) सैल करून स्कोप आडवा फिरवता येतो. मुलगी उजव्या हाताची असेल तर स्कोप डावीकडे, आयपीस डाव्या डोळ्याजवळ आणायचा. मान जराशी वळली की दिसलं पाहिजे, कोपर हलता कामा नये. सरळ नळीच्या स्कोपला प्रोनमध्ये हे जमवताना फार कसरत होते. सोबत मिळणारा टीचभर ट्रायपॉड डुगडुगतो, त्यापेक्षा जड बुडाचा आणि उभ्या दांड्याचा स्टँड फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्या. कोल्हापुरात लोखंडाचं काम करणाऱ्यांना काय तोटा!

डेन्व्हरचा दाजी

तुमच्या भावाचं त्याच्या जागी बरोबर आहे. टेक्सासात बहुतेक हरीण फीडरवर (दाणा टाकणाऱ्या यंत्रावर) किंवा झाडीच्या कडेला शंभर-दीडशे यार्डांत येतं, तिथे स्कोप कोण उघडून बसतो. आमच्याकडे कोलोरॅडोत उघड्या डोंगरावर एल्क (मोठ्या जातीचं हरीण) मैलभर लांब दिसतो. शिंगं बघून जायचं की नाही ते ठरवायला स्कोप लागतो, नाहीतर उगाच दरी उतरून चढायची. तरीही दिवसातला बहुतेक वेळ दुर्बिणच डोळ्याला असते. (रायफलवरच्या दुर्बिणीतून माळ न्याहाळणारे महाभाग इथेही आहेत. समोर माणूस निघाला तर नळी त्याच्यावर रोखलेली असते!)

दोन्ही राज्यांत सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास अशी वेळ असते. त्या झुंजूमुंजूला ४२ चं भिंग कामाला येतं. १०x४२ ला झोत ४.२, ८x४२ ला ५.२५ मिलिमीटर. पक्ष्यांसाठी मी डोळे झाकून ८x४२ सांगेन. हात कमी थरथरतो, दिसणारं क्षेत्र मोठं, उडता पक्षी सापडतो.

रेंजवर १० पट म्हणजे टार्गेट पाच मीटरवर. पांढऱ्यातलं भोक दिसेल, तेही दुर्बीण स्थिर टेकवली तर. आणि पोरगी आडवी पडून दोन्ही हातांनी रायफल धरणार की दुर्बीण? एका वस्तूत होणार नाही.

काचवेडा

वरच्या दोघांशी सहमत. चष्म्यासाठी आय रिलीफ (आयपीसपासून डोळा किती लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं ते अंतर) १६ मिलिमीटरच्या वर बघा, नाहीतर कडा कापल्या जातात. निकॉन मोनार्क एम५ ८x४२ मध्ये ईडी काच (कडांना रंगाची झालर कमी दिसते अशी) आहे, बजेटमध्ये बसली तर बघा. नाही बसली तर पोरो प्रिझमवाली (जुन्या घडणीची, पुढची भिंगं आयपीसपेक्षा लांब-लांब असलेली) घ्या. दिसायला जुनाट, पण त्याच पैशात काच बहुधा बरी मिळते. फक्त आपल्याकडच्या पावसाचा विचार करा, बऱ्याच स्वस्त पोरो वॉटरप्रूफ नसतात. बुरशी एकदा आत शिरली की साफसफाईचा खर्च वस्तूच्या किमतीला भिडतो. हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा.

स्कोपमध्ये सेलेस्ट्रॉन अल्टिमा ६५ बघा. १८-५५ पट, ४५ अंशाचा, ५० मीटरला भरपूर झाला.

दुकानात दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे करा, आयपीसमध्ये प्रकाशाचा ठिपका दिसेल. पूर्ण गोल असेल तर ठीक, कडा राखाडी होऊन चौकोनी वाटला तर प्रिझम हलक्या प्रतीच्या काचेचं. आणि लालभडक भिंगाची, '५०x५० नाइट व्हिजन' लिहिलेली फुकट दिली तरी नको. सगळं हिरवट दिसतं.

कळंबेकर

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. पांढऱ्या पुठ्ठ्याचा प्रयोग आज संध्याकाळीच करून पाहिला, काळ्यातली भोकं क्लबच्या जुन्या स्कोपमधूनही दिसली. पोरगी खूश.

आता दुर्बीण भावाकडून मागवतो आणि स्कोप इथेच हाताळून घेतो. एवढं सांगा: तिकडून आणलेल्या वस्तूची वॉरंटी इथे कुणाला प्रत्यक्ष मिळाली आहे का, की दुरुस्तीला परत तिकडेच पाठवावी लागते? आणि स्टँडचा दांडा किती उंचीचा ठेवू? पुढे ती थ्री पोझिशनला जाणार आहे, म्हणजे गुडघ्यावर आणि उभ्यानंही लागेल.

प्रोनवाला पुणे

वॉरंटीचं माहीतगार सांगतील. दांडा एकच लांब करू नका, दोन-तीन तुकडे आटे पाडून जोडता येतील असे करा. प्रोनला एकच लावायचा, उभ्याला सगळे. आणि तिला बरोबर घेऊन जा, आडवं झोपवून डोळ्याची उंची टेपनं मोजा, मगच लोखंड कापू द्या.