तुमच्या कॉलेजचा लाईनमन एनएफएलमध्ये टिकेल का? तुमचे वाद, तुमचे अनुभव सांगा

शनिवारवाला

एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या प्रो लीगचा, २०२६ चा ड्राफ्ट जवळ आलाय (टीम पाळीपाळीने कॉलेजची पोरं निवडतात तो), पिट्सबर्गला आहे, आणि आमच्या ग्रुपमध्ये रोज रात्री एकच विषय. युटाचा स्पेन्सर फॅनो आणि मायामीचा फ्रान्सिस मौइगोआ, दोघंही कॉलेजात राईट टॅकल, वर गेल्यावर टॅकलच राहतील की आत गार्डला सरकवतील? बॉल फेकणाऱ्या क्वार्टरबॅकबद्दल सगळं जग बोलतं, मला लाईनबद्दल ऐकायचंय, म्हणजे त्याच्यापुढे उभं राहून समोरच्यांना अडवणाऱ्या पाच जणांबद्दल. आपल्यातले बरेच जण एमएसला आले, पहिल्या फॉलमध्ये कुणीतरी स्टेडियमला नेलं आणि तिथून वेड लागलं, पण लाईनकडे बघायला लागेपर्यंत एखाददोन सीझन जातातच कारण आपली नजर बॉलच्या मागे असते आणि हे पाच जण बॉलला हातही लावत नाहीत (सेंटर सोडून).

नवीन लोकांसाठी थोडक्यात. मधे सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड, टोकाला टॅकल. क्वार्टरबॅक उजव्या हाताचा असेल तर त्याची पाठ डावीकडे असते म्हणून लेफ्ट टॅकलला मान आणि पैसा जास्त. ३२ टीम, सात राउंड, अडीचशेच्या वर पोरं निवडली जातात, आणि त्याआधी इंडियानापोलिसला कम्बाईन, तिथे उंची, वजन, हाताची लांबी, ४० यार्डचा टायमिंग सगळं मोजतात.

माझं मत आधीच सांगतो. मोजमापापेक्षा पाय बघा, आणि कॉलेजच्या सिस्टीमने, म्हणजे टीमच्या खेळायच्या पद्धतीने, त्याचं काय झाकून ठेवलं होतं ते बघा. पटत नसेल तर भांडा, पण अनुभवासकट.

कॉलेज स्टेशनचा

पहिला नंबर माझा. टेक्सस ए अँड एम, २०१२ चा सीझन, क्वार्टरबॅक जॉनी मॅन्झिएलचं वर्ष. आमच्या स्टेडियमवर, काईल फील्डवर, सगळे उभे राहून मॅच बघतात त्यामुळे खाली बसायचा प्रश्नच नाही. सगळं कॅम्पस मॅन्झिएल मॅन्झिएल करत होतं पण आमच्या अपार्टमेंटमध्ये वाद होता तो त्याच्या पुढच्या दोघांवर. डावीकडे ल्यूक जॉकेल, उजवीकडे जेक मॅथ्यूज. जॉकेलला त्या वर्षी आउटलँड ट्रॉफी (कॉलेजच्या लाईनमनसाठीचा मोठा मान) मिळाली, २०१३ च्या ड्राफ्टला जॅक्सनव्हिलने दुसऱ्या नंबरवर उचलला. मॅथ्यूज अजून एक वर्ष थांबला, लेफ्टला आला, २०१४ ला अटलांटाने सहाव्या नंबरवर घेतला.

माझा एक रूममेट, पक्का नाशिककर, तेव्हापासून म्हणायचा की मॅथ्यूज जास्त टिकणार. कारण काय तर तो कधी तोल सोडत नाही. समोरच्याने पहिला धक्का दिला तरी मॅथ्यूजचा मागचा पाय जमिनीत रोवलेला असायचा. बाकी सगळे म्हणायचे अरे त्याचे वडील ब्रूस मॅथ्यूज, हॉल ऑफ फेमवाले, म्हणून तुला आडनाव दिसतंय. पुढे काय झालं ते रेकॉर्डवर आहे. जॉकेलचा घोटा पहिल्याच सीझनमध्ये मोडला, नंतर गार्डला गेला, मग सिअॅटल, आणि संपलं. मॅथ्यूज दहा वर्षांहून जास्त अटलांटाचा लेफ्ट टॅकल राहिला. दुखापतीने जॉकेलचं नुकसान झालं हे मान्य, त्याला फेल म्हणणाऱ्यांचा मला राग येतो, पण त्या काळात दोघांना शेजारीशेजारी बघितलंय म्हणून सांगतो, तोल हीच गोष्ट होती.

लान्सिंगचे काका

मी मिशिगनमध्ये १९८० च्या दशकात आलो. तुम्ही मंडळी हाताची लांबी मोजता, आमच्या वेळी एकच नाव होतं, टोनी मँडरिच, मिशिगन स्टेट. ३०० पौंडांच्या वरचा माणूस आणि पळायचा असा की स्टँडमध्ये लोक गप्प व्हायचे. स्पोर्ट्स इलस्ट्रेटेडने कव्हरवर घेतला. ऑफिसात लंचला मी एकटाच म्हणायचो की हा फक्त अंगबळावर खेळतोय, समोरचा वीस वर्षांचा पोरगा घाबरतो म्हणून चालतंय, तिकडे घाबरणार कोण?

१९८९ च्या ड्राफ्टमध्ये ग्रीन बेने दुसऱ्या नंबरवर घेतला. पहिला ट्रॉय एकमन, तिसरा बॅरी सँडर्स, चौथा डेरिक थॉमस, पाचवा डिऑन सँडर्स. हे चौघेही हॉल ऑफ फेममध्ये, आणि हा काही वर्षांत टीमबाहेर. पुढे त्याने स्वतः कबूल केलं की कॉलेजात स्टेरॉइड घेत होता. नंतर व्यसनातून बाहेर पडून इंडियानापोलिसकडून तीन सीझन खेळला, ते मात्र कुणी सांगत नाही. मला त्याचं ते दुसरं करिअर जास्त मोठं वाटतं.

मॅडिसन_सीएस

काका, मस्त. माझा अनुभव याच्या बरोबर उलट.

विस्कॉन्सिन म्हणजे लाईनमनचं गाव. जो थॉमस इथलाच, २००७ ला तिसऱ्या नंबरवर क्लीव्हलँडला गेला, ड्राफ्टच्या दिवशी वडिलांबरोबर लेक मिशिगनवर मासे पकडत होता, आणि नंतर सलग १०,३६३ स्नॅप (सेंटर बॉल मागे देतो आणि प्ले सुरू होतो, तो एक स्नॅप) एकही न चुकवता खेळला. इथे भाजीच्या दुकानातल्या आजीलाही गार्ड आणि टॅकल कळतो.

मला सांगायचंय ट्रॅव्हिस फ्रेडरिकबद्दल. सेंटर. आणि शिकत काय होता तर कॉम्प्युटर इंजिनिअरिंग आणि कॉम्प्युटर सायन्स. आमच्या डिपार्टमेंटमध्ये त्याचं कौतुक वेगळंच होतं, लॅबमध्ये टीए लोक त्याच्याबद्दल बोलायचे. २०१३ च्या कम्बाईनला ४० यार्ड पळायला ५.५६ सेकंद लागले आणि झालं, सगळीकडे स्लो स्लो. डॅलसने पहिल्या राउंडच्या तळाला ३१ व्या नंबरवर घेतला तर टीव्हीवर तज्ज्ञांनी टीमची खिल्ली उडवली. मी त्या रात्री एका डॅलस फॅन मुलाशी तासभर भांडले, तो म्हणत होता याला तिसऱ्या राउंडमध्ये पण घेतला असता. मी म्हटलं अरे सेंटरला ४० यार्ड पळायचंच कुठेय, त्याला पहिले तीन यार्ड पाहिजेत, आणि स्नॅपच्या आधी समोरचे कोण कुठून येणार हे वाचून बाकी चौघांना ओरडून सांगायचंय. ते डोकं त्याच्याकडे होतं, दर शनिवारी दिसायचं. बोट दाखवायचा आणि अख्खी लाईन सरकायची.

पाच प्रो बोल (सीझनमधल्या उत्तम खेळाडूंची निवड), २०१६ ला ऑल-प्रो (त्याहून वरची, लीगमधल्या सर्वोत्तमांची यादी). २०१८ मध्ये गियाँ-बारे सिंड्रोम (नसांचा आजार) झाला, पूर्ण सीझन गेला, माझ्या मावशीला तेच झालं होतं त्यामुळे मला माहीत होतं की हातापायातली ताकद जाणं म्हणजे काय. २०१९ ला तो परत आला, खेळला, प्रो बोलला निवडला गेला आणि मग स्वतःहून थांबला. हे कुठल्या कम्बाईनमध्ये मोजणार?

बायोमेक

मी हाच विषय शिकलोय (स्पोर्ट्स बायोमेकॅनिक्स) म्हणून मोजमापाच्या बाजूने बोलतो, कारण इथे सगळे मोजायच्या टेपला नावं ठेवायला लागलेत.

हाताची लांबी खांद्याच्या हाडाच्या टोकापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजतात. टॅकलसाठी ३३ इंच ही तळाची रेघ, ३४ असेल तर स्काउट (टीमसाठी खेळाडू हेरणारे) खूश. याचं कारण साधं आहे, ज्याचा तळवा आधी समोरच्याच्या छातीवर पोचतो तो दुसऱ्याला ढकलतो, आणि बाहेरून क्वार्टरबॅकवर धावून येणारा एज रशर बहुतेक वेळा लांब हातांचा असतो. कबड्डीत कोपऱ्यावरच्या खेळाडूचा हात रेडरच्या घोट्यापर्यंत अर्धा इंच कमी पडला तर काय होतं, तसंच. गार्डला मात्र दोन्ही बाजूंना माणसं असतात, जागा कमी, टक्कर जवळून, तिथे आखूड हात चालतात, उलट खाली वाकून जोर लावायला बरे पडतात. झॅक मार्टिन नोत्र दामला टॅकल होता, हात ३३ च्या आत, डॅलसने गार्ड केला आणि सात वेळा फर्स्ट टीम ऑल-प्रो.

पण टेपवर आंधळा विश्वासही नको. एलएसयूचा विल कॅम्पबेल २०२५ ला इंडियानापोलिसमध्ये ३२ पूर्णांक ५/८ इंच भरला आणि स्वतःच्या कॉलेजच्या प्रो डेला (कॉलेजातच होणारी तशीच चाचणी) ३३. हात तोच ना! खांद्याचं टोक कुठे धरलं, पोराने खांदा किती खाली सोडला, यावर एवढा फरक सहज पडतो. पॅट्रिअट्सनी त्याला चौथ्या नंबरवर घेऊन लेफ्ट टॅकललाच ठेवला, टीम थेट सुपर बोलला, म्हणजे फायनलला, गेली, तिथे सिअॅटलच्या रशर्ससमोर त्याची ओढाताण झाली आणि वाद पुन्हा जिथल्या तिथे.

शनिवारवाला

बायोमेक, हे सगळं मान्य, पण तू लिहिलेलंच बघ, एका सीझनवर आपण निकाल देतोय. जायंट्सचा अँड्रू थॉमस (जॉर्जियाचा, २०२० ला चौथा) पहिल्या वर्षी इतका मार खात होता की न्यूयॉर्कवाले त्याला घालवायला निघाले होते, दोन वर्षांत ऑल-प्रोच्या यादीत आला.

रॅलेकर

अँड्रू थॉमसवरून आठवलं, आमचा इकी! इकेम एक्वोनू, एनसी स्टेट. आईवडील नायजेरियाहून आलेले, वडील डॉक्टर, पोरगा शार्लटमध्ये वाढला. कॅरीत आमच्या मराठी मंडळाच्या पिकनिकला सुद्धा त्याच्यावर वाद झालेत, कारण २०२० मध्ये तो गार्ड पण खेळला आणि टॅकल पण, आणि गार्ड म्हणून माणसं अक्षरशः जमिनीत गाडायचा. एक बाजू म्हणे याला गार्ड करा आणि दहा वर्षं विसरा. मी टॅकलच्या बाजूने. ज्याच्यात एवढा राग आणि एवढे हलके पाय दोन्ही आहेत त्याला आत का कोंडायचं?

२०२२ ला सहाव्या नंबरवर शार्लटच्याच पँथर्सनी घेतला, म्हणजे घरच्याच गावात. पहिल्याच मॅचला समोर कोण, तर क्लीव्हलँडचा खतरनाक एज रशर मायल्स गॅरेट. मी स्टेडियममध्ये होतो. अवघड दिवस होता तो, पण चौथ्या क्वार्टरपर्यंत पोरगा मान खाली घालून नाही खेळला. दुसऱ्या वर्षी परत गार्ड गार्ड सुरू झालं, लोक फार घाई करतात. कॉलेजात बॉल पटकन सुटायचा, इथे समोरच्याला जास्त वेळ अडवून धरावं लागतं, हे शिकायला वेळ लागतो आणि आईवडिलांनी देश बदललेल्या पोराला शिकायचा कंटाळा नसतो.

फिलीवाली

धागाकर्त्याचा सिस्टीमचा मुद्दा मी पुढे नेते. वॉशिंग्टन स्टेटचा आंद्रे डिलर्ड, कोच माईक लीचच्या एअर रेड सिस्टीममधला. तिथे जवळजवळ प्रत्येक प्ले पासचाच, त्यामुळे पास ब्लॉकिंगचा सराव भरपूर, पाय सुंदर, कम्बाईन अप्रतिम. २०१९ ला आमच्या ईगल्सनी २२ व्या नंबरवर घेतला. आणि त्याच्या आदल्या वर्षी सातव्या राउंडला, २३३ व्या नंबरवर, जॉर्डन मायलाटा. ऑस्ट्रेलियात रग्बी लीग खेळलेला, अमेरिकन फुटबॉलची एक मॅच सुद्धा न खेळलेला. २०२१ च्या कॅम्पमध्ये दोघांत लेफ्ट टॅकलची लढत, जिंकला मायलाटा.

मी ट्रेनिंग कॅम्पच्या ओपन प्रॅक्टिसला गेले होते. लांबूनही कळत होतं, डिलर्डवर बुल रश (समोरून सरळ अंगावर ढकलत येणं) आला की तो मागे जायचा, कारण कॉलेजात त्याला माणूस हलवायचं काम कमीच पडलं होतं. मायलाटा चुकायचा पण हलायचा नाही. त्यामुळे पाय बघा या मताशी मी अर्धीच सहमत, पाय आणि जोर दोन्ही बघा.

पहाटेचा गजर, पुणे

मी आता पुण्यात, रात्रीची मॅच रविवारी पहाटे पाचला सुरू होते, घरचे झोपलेले असतात तेव्हा कानात इअरफोन घालून बघतो. २०१३ ला पिट्सबर्गला होतो. तुम्ही सगळे ऑफेन्सिव्ह लाईन धरून बसलात, मी समोरच्या बाजूचं, म्हणजे डिफेन्सच्या लाईनचं सांगतो. आरॉन डॉनल्ड. पिट्सबर्गजवळच्या पेन हिल्सचा, म्हणजे गाववालाच, पिटकडून (पिट्सबर्ग विद्यापीठ) खेळायचा. उंची ६ फुटाच्या जरा वर, २८५ पौंड, आणि सगळ्यांचं एकच, डिफेन्सिव्ह टॅकलला (डिफेन्सच्या लाईनच्या मधल्या जागेला) लहान पडतो. त्या सीझनमध्ये साडेअठ्ठावीस टॅकल फॉर लॉस, म्हणजे बॉलवाल्याला रेघेमागेच पाडणं, होते राव! दोन माणसं लावली तरी मधून निघायचा. स्टेडियम अर्धं रिकामं असायचं, आम्ही चार देशी पोरं खाली पुढच्या रांगेत सरकायचो आणि त्याचे हात बघत बसायचो, समोरच्याचे हात झटकण्याचा वेग असा की डोळ्याला नीट पकडता यायचा नाही. बारा टीमनी त्याला सोडला, तेराव्या नंबरवर रॅम्सनी घेतला. तीनदा डिफेन्सिव्ह प्लेअर ऑफ द इयर, एक सुपर बोल.

ड्राफ्ट पिट्सबर्गला आहे म्हटल्यावर मला तर त्याच्याशिवाय दुसरं काही सुचत नाहीये.

सेंटरची आई

मी फॅन नाही, पण दोन वर्षं हा विषय घरात आहे म्हणून लिहिते. मुलगा टेक्ससमध्ये हायस्कूलच्या टीममध्ये सेंटर आहे. अंगाने थोराड, आजोबा तालमीतले, त्यांच्यावर गेलाय. कोच म्हणतात अजून ३० पौंड वाढव, छोट्या कॉलेजकडून विचारणा येईल. फोनवर सासूबाई म्हणतात पोराला खाऊ घाल आणि मी मात्र डॉक्टरांना विचारते की या वयात एवढं वजन गुडघ्यांना झेपेल का.

त्याच्या खोलीत जॉन अर्शेलचा फोटो आहे, तो मीच लावला. पेन स्टेटचा गार्ड, गणितात हुशार, कॉलेजात असतानाच पेपर छापलेले, २०१४ ला पाचव्या राउंडला बाल्टिमोरने घेतला. खेळता खेळता एमआयटीत पीएचडी सुरू केली. जुलै २०१७ मध्ये मेंदूच्या इजेवरचा तो अभ्यास आला, एनएफएलच्या १११ खेळाडूंच्या दान केलेल्या मेंदूंपैकी ११० मध्ये सीटीई (डोक्याला वारंवार मार बसून होणारा मेंदूचा आजार) सापडला होता, आणि त्यानंतर दोनच दिवसांत त्याने वयाच्या २६ व्या वर्षी खेळ सोडला. मेंदू दान करणाऱ्यांत आधीच त्रास असलेले जास्त असतात, त्यामुळे तो आकडा सगळ्यांना लागू नाही हे माहीत आहे मला. तरी आईला तो आकडा विसरता येत नाही.

तुम्ही सगळे टिकेल का टिकेल का म्हणता तेव्हा कृपा करून हे पण धरा. लाईनवर दर स्नॅपला डोकं लागतं, मोठी टक्कर नसली तरी. माझं पोरगं खेळतं तेव्हा मी ओरडून ओरडून घसा बसवते, त्याला थांबवलेलं नाही, पण चौदा-पंधरा वर्षांच्या पोराचं भविष्य मोजताना हातच तेवढे मोजू नका.

कॉलेज स्टेशनचा

ताई, लिहिलंत ते फार बरं केलंत. आमच्याकडे एनआयएलचे पैसे (कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमावता येणारे) आल्यापासून एक चांगलं झालंय, चांगला लाईनमन तिसऱ्या-चौथ्या राउंडच्या आशेवर लवकर पळत नाही, कॉलेजातच थांबतो, डिग्री होते. मुलाला सांगा सेंटर होणं सोडू नको, उंची कमी पडली तरी डोकं असलेल्या सेंटरला जागा असते. वजनाचं मात्र डॉक्टर म्हणतील तेच.

शनिवारवाला

ताई, तुमची पोस्ट आमच्या ग्रुपवर टाकतोय, परवानगी असेल तर.

आयोवावाले अजून कुणी आलं नाही, रॉबर्ट गॅलरीबद्दल त्यांच्याकडूनच ऐकायचंय. २००४ ला दुसऱ्या नंबरवर रेडर्सना गेला, टॅकल म्हणून जमलं नाही आणि गार्ड झाल्यावर चांगली वर्षं काढली, म्हणजे सरकवणं ही शिक्षा नाही याचं तो उदाहरण आहे. आणि फॅनोबद्दल माझं मत या सगळ्यानंतरही तेच, निदान दोन सीझन टॅकललाच ठेवा, मग काय ते ठरवा. बायोमेक, तुझं उत्तर येऊ दे.