समानतेच्या जाहिराती: हात कुणाचे, आवाज कुणाचा?

(ऑनलाइन चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

चष्मा हरवलाय

गेले काही महिने मला एक खोड लागलीय. जाहिरात सुरू झाली की आवाज बंद करायचा आणि फक्त हात बघायचे. फडकं कुणाच्या हातात, स्टिअरिंग कुणाच्या, बाळ कुणाच्या कडेवर, आणि बोट दाखवून समजावतंय कोण. पुढच्या वेळी तीच जाहिरात लागली की उलट करायचं, डोळे मिटून नुसतं ऐकायचं.

ऐकताना वाटतं, जग कुठच्या कुठे गेलंय. तिची भरारी, तिचं आकाश, तिची वेळ. (पंख इतक्या जणींना फुटलेत की आता त्यांच्यासाठी विमानतळच बांधायला हवा.) डोळे उघडले की तीच बाई, तोच डाग, तेच पुसणं. पूर्वी ती दिवसभर घरातच असायची. आता ऑफिसातून येते, लॅपटॉपची बॅग खाली ठेवते आणि मग फडकं उचलते. काम कमी झालं नाही, वर एक नोकरी वाढली. आणि जंतू कसे मरतात ते शेवटी सांगणारा आवाज बहुतेक वेळा बाप्याचाच.

हा उद्योग माझा एकटीचा नाही. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९७०च्या दशकात छापील जाहिरातींची शेकडो चित्रं अशीच समोर मांडून बघितली होती. त्यांना दिसलं ते असं: पुरुष वस्तू घट्ट धरतो, बाई तिच्या कडेवरून नुसती बोटं फिरवते. तो ताठ उभा, तिची मान कललेली, गुडघा किंचित वाकलेला. तो दाखवतो, ती बघते. पन्नास वर्षांनी हे ताडून बघा. मान अजून कललेलीच आहे.

शब्दांचं तर विचारूच नका. २०१५ मध्ये महिला दिनानिमित्त बिक या पेन कंपनीच्या दक्षिण आफ्रिकेतल्या शाखेने जाहिरात काढली. तिचा भावार्थ: मुलीसारखी दिस, सुसंस्कृत स्त्रीसारखी वाग, पुरुषासारखा विचार कर, बॉससारखं काम कर. कौतुक करायला गेले आणि पोटातलं ओठांवर आलं. नंतर माफी मागावी लागली.

तेव्हा माझं मत सरळ आहे. समानतेवर बोलणारी जाहिरात नको, समानता गृहीत धरणारी हवी. बाई ड्रिल मशीन विकत घेतेय आणि त्याचं कुणालाच काही वाटत नाहीये, बस्स. आता झोडा.

रिकामं पाकीट

झोडतो. हात बघायचेच तर पुरुषाचेही बघा की. वॉशिंग मशीनपुढे बावळटासारखा उभा असतो तो. बाळाचा डायपर उलटा लावतो. मग ती येते, हसून मान हलवते आणि सगळं निस्तरते. माझ्या मुलीच्या वेण्या रोज सकाळी मी घालतो. जाहिरातीतला बाप वेणी घालतो तेव्हा ती वाकडीच यावी लागते, नाहीतर लोकांना गोड वाटत नाही. माझी सरळ येते.

आणि २०१९ मधली ती जिलेटची जाहिरात! दाढीचं ब्लेड विकणाऱ्याने गिऱ्हाईकालाच वागणूक शिकवायची. मी ब्लेड मागितलं होतं, प्रवचन नाही.

सातवा मजला

मी बारा वर्षं जाहिरात एजन्सीत कॉपी, म्हणजे जाहिरातींचा मजकूर, लिहितोय, त्यामुळे वरच्या शिव्यांपैकी निम्म्या माझ्याच वाट्याच्या. तरी चष्मा यांच्याशी साफ असहमत.

जाहिरात कशी घडते ते आधी सांगतो. ब्रीफमध्ये, म्हणजे जाहिरात कशी हवी त्याच्या सूचनांच्या कागदात, अगदी वरच टार्गेट ऑडियन्स, म्हणजे ती कुणासाठी आहे ते, लिहिलेलं असतं. कपड्यांच्या पावडरीला तिथे 'स्त्री, २५ ते ४५' असतं, कारण ती विकत घेते कोण, तर तीच. म्हणून कॅमेरा तिच्याकडे वळतो. त्यात कुणाचा कट नसतो, आळस मात्र भरपूर असतो. मागच्या वर्षीचा ब्रीफ उघडायचा, तारीख बदलायची.

एकदा आम्ही स्टोरीबोर्डमध्ये, म्हणजे जाहिरातीच्या चित्रमालिकेत, नवरा बेसिनपाशी भांडी घासताना काढला होता. कुठलाही गाजावाजा नाही, संवादात उल्लेख नाही, अगदी तुमच्या मनासारखं. शूटिंगआधी असे बोर्ड लोकांना दाखवून चाचणी घेतात. चाचणीला बसलेल्या बायका त्या भांड्यांवरच अडकल्या. एकीने विचारलं, "बायको आजारी आहे का?" दुसरीला वाटलं, तो एकटाच राहतो. ब्रँडचं नाव कुणालाच आठवेना. दुसऱ्या दिवशी क्लायंटने नवरा काढून टाकला. तुमची मुकी समानता ही अशी असते. तीस सेकंदांत ती कुणाच्या लक्षातच येत नाही, आणि आली तर आजारपण वाटतं.

म्हणून बोलावं लागतं. एरिअलने २०१५ मध्ये भारतात 'शेअर द लोड' सुरू केलं तेव्हा प्रश्न उघड विचारला: कपडे धुणं हे फक्त बाईचंच काम आहे का? पुढच्या वर्षीच्या फिल्ममधला बाप आठवा. मुलगी कामावरून येऊन फोन, घर, मूल सगळं एकटीने सांभाळतेय, जावई बसून आहे. हे ती आपल्याच घरात बघून शिकली, असं बापाला उमगतं. तो तिला माफीचं पत्र लिहितो आणि आपल्या घरी जाऊन स्वतः मशीनमध्ये कपडे टाकतो. लावा तुमचीच कसोटी, हात बदलले की नाही?

चष्मा हरवलाय

बदलले, मान्य. पण बापाने एकदा मशीन लावलं तर मागे हुंदका आणणारं संगीत वाजतं. त्याच्या बायकोने उभं आयुष्य कपडे धुतले, तेव्हा फक्त डाग निघाला.

पाटीपेन्सिल

सातवा मजला, भांड्यांचा किस्सा वाचून हसले आणि मग हसू मावळलं.

मी शाळेत शिकवते. ऑलवेज या सॅनिटरी पॅड बनवणाऱ्या ब्रँडची 'लाइक अ गर्ल' ही २०१४ ची फिल्म नववीच्या वर्गाला दाखवली होती. तीत आधी मोठ्यांना सांगतात, मुलीसारखं धावून दाखवा. ते हात लुळे सोडून, मुरके मारत धावतात. मग तेच लहान मुलींना सांगतात, आणि त्या जीव तोडून धावतात. एकीला विचारलं, मुलीसारखं धाव म्हटलं तर काय समजतेस? ती म्हणते, जमेल तितकं जोरात धाव.

फिल्म संपल्यावर वर्गात कुणी बोलेना. मागच्या बाकावरच्या एका मुलीने हळूच विचारलं, "मॅडम, मग आपलं कधी बदललं?" या प्रश्नावर माझे दोन तास गेले आणि ते वर्षातले सगळ्यात चांगले होते. आता कुणी म्हणेल, कंपनीला पॅड विकायचे होते. विकू देत! मला तो प्रश्न फुकट मिळाला. नुसती ड्रिल मशीन घेणारी बाई दाखवली असती तर त्या पोरीने काय विचारलं असतं?

पण एक गोष्ट चष्मा यांच्या बाजूनेही. याच पॅडच्या जाहिरातींत वर्षानुवर्षं निळं पाणी ओतलं जायचं, जणू बायकांच्या अंगात शाई वाहते. २०१७ मध्ये ब्रिटनच्या बॉडीफॉर्मने ते लाल दाखवलं. त्याला भाषण लागलं नाही, रंग पुरला.

उंबरठा

हात आणि आवाज, दोन्ही चुकीच्या ठिकाणी बघताय सगळे. खिसा बघा.

बाईचं स्वातंत्र्य विकायची युक्ती जुनी आहे. १९२९ च्या ईस्टर संडेला न्यूयॉर्कच्या परेडमध्ये काही तरुणींनी भर रस्त्यात सिगारेटी पेटवल्या. बायकांनी चारचौघांत ओढणं तेव्हा निषिद्ध. 'स्वातंत्र्याच्या मशाली' म्हणून त्याचा गवगवा झाला. हे घडवून आणलं एडवर्ड बर्नेज या जनसंपर्कवाल्याने, आणि त्याला पैसे देत होती अमेरिकन टोबॅको कंपनी. १९६८ मध्ये व्हर्जिनिया स्लिम्स ही खास बायकांसाठीची सिगारेट आली. घोषवाक्याचा अर्थ, 'केवढा पल्ला गाठलास, पोरी!' पल्ला थेट कॅन्सरच्या वॉर्डापर्यंत.

अलीकडचं बघा. मार्च २०१७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वॉल स्ट्रीटच्या त्या प्रसिद्ध बैलाच्या पुतळ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी असलेली ब्राँझची छोटी मुलगी आली. जगभरच्या आयांनी लेकींना तिच्याशेजारी उभं करून फोटो काढले. ती मुलगी जाहिरात होती. स्टेट स्ट्रीट ग्लोबल अ‍ॅडव्हायझर्सच्या ज्या फंडासाठी ती उभी केली, त्याचं शेअर बाजारातलं चिन्हच 'शी' (SHE), म्हणजे इंग्रजीत 'ती'. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कळलं की मूळ कंपनीने अमेरिकेच्या कामगार खात्याशी ५० लाख डॉलरची तडजोड केलीय. आरोप होता, वरच्या पदांवरच्या स्त्रियांना आणि कृष्णवर्णीयांना कमी पगार दिल्याचा. कंपनीने तो मान्य केला नाही, हेही नोंदवते. पण पैसे भरले.

डव्ह २००४ पासून खरं सौंदर्य शिकवतंय. डव्ह बनवणाऱ्या त्याच युनिलिव्हरच्या 'फेअर अँड लव्हली' क्रीमच्या ट्यूबवर 'फेअर', म्हणजे गोरं, हा शब्द २०२० पर्यंत होता.

सातवा मजला

उंबरठा, हे सगळं खरं आहे. पण मग कंपनीतला प्रत्येक पगार समान होईपर्यंत आम्ही बाईला पुसतानाच दाखवायचं का? ढोंगी माणूस खरं बोलला तर ते खोटं ठरत नाही. उलट त्या पुतळ्यामुळेच पगाराची बातमी एवढी गाजली. एरवी तडजोडी रोज होतात, कोण वाचतं?

उंबरठा

हा मुद्दा चांगला आहे. पटला नाही, पण चांगला आहे.

दोन शून्य

रिकामं पाकीट यांच्या तक्रारीकडे सगळ्यांनी दुर्लक्ष केलंय, ते बरोबर नाही. ब्रिटनच्या जाहिरात नियामक संस्थेने जून २०१९ पासून घातक लिंगभेदी साच्यांवर बंदी घातली. ऑगस्टमध्ये पहिल्या दोन जाहिराती बंद झाल्या. एक फोक्सवॅगनची: पुरुष अंतराळात तरंगतायत, कृत्रिम पाय लावलेला खेळाडू लांब उडी मारतोय, आणि बाई बाबागाडीशेजारी बाकावर बसलीय. दुसरी फिलाडेल्फिया चीजची: दोन बाप खाण्यात इतके गुंग की बाळं सरकत्या पट्ट्यावरून निघून जातात.

म्हणजे पहिल्याच फेरीत बापांना बावळट दाखवणारी जाहिरात गेली. दोन्ही तक्रारी एकाच खुंटीला टांगलेल्या आहेत. त्याला जमत नाही असं दाखवलं, की ते काम आपोआप तिच्या गळ्यात पडतं. पाकीटसाहेब, तुमची सरळ वेणी टीव्हीवर यावी असं चष्मा यांनाही वाटतच असणार.

रिकामं पाकीट

हे ठाऊक नव्हतं. तरी चीजच्या जाहिरातीवर बंदी जरा अतीच वाटते, तो विनोद होता. हसायचीही परवानगी काढायची का आता? जिलेटवरचं मत कायम.

चष्मा हरवलाय

पाकीटराव, वेणी सरळ येते तीच जाहिरात मला हवीय, आणि ती बघून कुणी 'अगंबाई, किती गोड' म्हणायला नको.

पाटीपेन्सिल यांच्या वर्गापुढे माझा मुद्दा लंगडा पडतो, खरंय. प्रश्न उभा करायला कधीतरी मोठ्याने बोलावं लागतं. पण 'लाइक अ गर्ल'मध्ये सांगणारा आवाज वरून येत नव्हता. त्या मुलींनी धावून दाखवलं. भरारी-आकाशवाल्या जाहिरातींत कुणी काहीच करत नाही, फक्त वारा सुटतो आणि केस उडतात. माझा राग त्यांच्यावर आहे, हे मला इथे वाचता वाचता कळलं.

सातवा मजला, एक विचारू? त्या चाचणीत पुरुष बसवले होते का?

सातवा मजला

नाही. टार्गेट ऑडियन्स स्त्री होती ना.

(लिहिल्यावर मलाच ऐकू आलं.)

उद्या एका फरशी क्लीनरच्या फिल्मचा व्हॉइसओव्हर आहे. स्क्रिप्टवर 'पुरुष आवाज, आश्वासक' असं लिहिलंय. मीच लिहिलंय. बाईचा आवाज घेऊन बघू का, असं क्लायंटला विचारतो.

रिकामं पाकीट

विचारा. आणि फडकं कुणाच्या हातात आहे?

सातवा मजला

तिच्याच. तो शॉट कालच झाला.