सरकारी वकील पोलिसांसोबत पहिल्या आठवड्यातच बसायला हवा की नको?

म्हापसेकर (धागाकर्ता)
गोव्यात कळंगुट-बागा पट्ट्यात वेश्याव्यवसायाच्या अड्ड्यावर छापा पडतो, दुसऱ्या दिवशी ‘दोन तरुणींची सुटका, दलाल गजाआड’ अशी बातमी येते आणि आपण पान उलटतो. खटल्याचं पुढे काय झालं, कुणी विचारत नाही. कामानिमित्त अशा काही फायली माझ्या हाताखालून गेल्यात. बनावट गिऱ्हाइकाला दिलेल्या नोटांचे नंबर पंचनाम्यात एक आणि मुद्देमालाच्या यादीत दुसरे. मोबाइलमधल्या चॅटचे प्रिंट जोडलेत, पण इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागणारं साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र नाही. पिटा, म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यानुसार झडतीला दोन महिला पोलीस आणि पंचांत एक तरी बाई लागते. इथे बाई पंचाची सहीच सापडत नाही. सरकारी वकिलाला हे दिसतं तेव्हा आरोपपत्र कोर्टात जाऊन पडलेलं असतं. माझं ठाम मत आहे की तपास अधिकारी आणि सरकारी वकील यांनी पहिल्याच आठवड्यात कागद समोर घेऊन बसायला हवं.

फोंड्याचा वकील
असहमत. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. सरला खटल्यात स्पष्ट सांगितलंय की तपास पोलिसांचा, सरकारी वकिलाचं काम कोर्टात. तपासाचा अहवाल, म्हणजे आरोपपत्र, देण्याआधी त्याचं मत घ्या, अशी सक्ती तपास अधिकाऱ्यावर करता येत नाही. आणि हे योग्यच आहे. ज्याने केस उभी करायला हातभार लावला, तो उद्या ‘या आरोपीविरुद्ध पुरावा नाही’ असं कोर्टात म्हणेल का? हॉटेलच्या रिसेप्शनवरचा पोरगाही दलालासोबत आत जातो, हे आपण बघतोच.

म्हापसेकर
वकीलसाहेब, सक्ती नको, मान्य. पण त्याच न्यायालयाने २०१४ मध्ये गुजरातमधल्या एका निकालात म्हटलं की तपास पूर्ण झाल्यावर अभियोग यंत्रणेने, म्हणजे सरकारतर्फे खटला चालवणाऱ्यांनी, स्वतंत्रपणे कागद तपासावेत, उणिवा भरून घ्याव्यात. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २० मध्येही सात ते दहा वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलीस अहवाल तपासायचं काम अभियोग उपसंचालकाला दिलंय. रिसेप्शनवरच्या पोराविरुद्ध काही नाही, हेही तेव्हाच सांगता येईल. तो तुरुंगात सडल्यावर सांगून काय उपयोग?

डिचोलीकर (निवृत्त पोलीस)
टेबलावर बसायला माणूस तर हवा! सरकारी वकिलाकडे रोज कोर्टात फायलींचा ढीग, आमच्या अधिकाऱ्याला बंदोबस्त, मध्येच बदली. नव्या माणसाला केस समजेपर्यंत ६० किंवा ९० दिवस संपत येतात. मुदतीत आरोपपत्र गेलं नाही तर आरोपी जामिनावर बाहेर. मग घाईत जे हाताशी असतं ते जोडलं जातं.

सुटका झालेल्यांसोबत काम करणारी
तुम्ही सगळे कागदांवर बोलताय. वास्कोची बायणा ही वेश्यावस्ती २००४ मध्ये पाडली, त्यानंतर धंदा भाड्याच्या फ्लॅटांत आणि फोनवर विखुरला. आता पुरावा दोनच ठिकाणी असतो, मोबाइलमध्ये आणि त्या बाईच्या तोंडी. ती बंगालची किंवा आंध्रची. तिचा जबाब दुभाष्यामार्फत होतो, टंकला जातो इंग्रजीत, आणि त्याखाली ती सही करते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली मॅजिस्ट्रेटसमोर जबाब झाला की सगळ्यांना वाटतं काम झालं. पण खटल्यात तिची साक्ष आणि उलटतपासणी व्हावीच लागते. तोवर ती मडगावहून गाडीत बसून घरी गेलेली असते, समन्स जुन्या पत्त्यावर फिरत राहतं. सापडलीच तर तिला पहिला फोन दलालाच्या माणसाचा आलेला असतो. मुंबई उच्च न्यायालयाने २००२ मध्ये बजावलंय की दलालाच्या वकिलाने त्याच प्रकरणात सुटका झालेल्यांची बाजू मांडू नये. हे तिला सांगतं कोण?

म्हापसेकरदादा, तुमच्या बैठकीत पहिला विषय हा असू द्या: तिची साक्ष कधी, कुठल्या भाषेत, व्हिडिओवरून घ्यायची का, तिला संरक्षण कोण देणार. आणि ती सज्ञान असून मर्जीने काम करत असेल तर तिला महिनोन्‌महिने सुधारगृहात ठेवून साक्षीदार टिकवू नका. तसं ठेवलेल्या बायका कोर्टात पोलिसांविरुद्धच बोलतात, आणि मला त्यात त्यांची चूक दिसत नाही.

फोंड्याचा वकील
ताई, साक्षीच्या नियोजनाला माझा विरोध नाही. तिथे सरकारी वकिलाने पहिल्या दिवसापासून असावं, तो त्याच्याच कामाचा भाग आहे. कोणाला आरोपी करायचं, हे मात्र त्याने पोलिसांना सुचवू नये. तिथे मी हटणार नाही.

म्हापसेकर
आणि मी कागदांवरून हटणार नाही. कलम ६३ चं प्रमाणपत्र मागणं म्हणजे आरोपी ठरवणं नव्हे. ताई, दुभाष्याचं नाव-पत्ता जबाबावर लिहिलेला असतो का?

सुटका झालेल्यांसोबत काम करणारी
मी पाहिलेल्या बहुतेक जबाबांवर नव्हता.